फक्त घासायचं राहिलंय

जगातील प्रत्येक अवघड कामाच्या आधी 'फक्त' हा शब्द लागतो, असे माझे मत आहे, आणि ते मी कोणत्याही सभेत सप्रमाण सिद्ध करून दाखवीन. कोपऱ्यावरच्या सुताराने ती लाकडी मूठ माझ्या तळहातावर ठेवली आणि तो म्हणाला, "घ्या साहेब. फक्त घासायचं राहिलंय." त्या एका 'फक्त'ने माझा जवळजवळ एक महिना, उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी, इमारतीतील माझी प्रतिष्ठा आणि छापखान्यात चौतीस वर्षे मुद्रिते तपासून जमविलेला माझा अहंकार, एवढा ऐवज गिळंकृत केला. त्याच्या बदल्यात मला जे पाहायला मिळाले ते या सगळ्याहून मोठे होते, हे मी शेवटी कबूल करणार आहे. पण आधी मला माझी बाजू मांडू द्या.

ती मूठ काठीची होती आणि काठी माझ्या सासऱ्यांसाठी होती. सासरेबुवा आमच्याकडेच असतात. वय चौऱ्याऐंशी. आयुष्यभर ते एका ओतशाळेत लाकडी साचे करीत असत. यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा, तो आधी त्यांच्या हातून लाकडात उतरायचा. आणि लाकडावर केसाएवढा ओरखडा राहिला, तर लोखंड तोच ओरखडा इमानाने उचलायचे. अशा माणसाचे समाधान होणे कठीण असते. लग्न ठरताना त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि माझ्या वडिलांना सांगितले, "हात चांगले आहेत. वापरलेले नाहीत." एकतीस वर्षे झाली, या विधानाचे खंडन करण्याची संधी मी शोधीत होतो.

गेली चार वर्षे त्यांना उजेड आणि अंधार यांपलीकडे काही दिसत नाही. दोन महिन्यांपूर्वी ते घरातल्याच बोळात पडले. मनगट मुरगळले, एवढ्यावर निभावले. डॉक्टरांनी सांगितले, काठी हवीच. आम्ही काठ्या आणल्या. एक, दोन, तीन, पाच. सासरेबुवा प्रत्येक काठीची मूठ एकदा चाचपायचे आणि परत द्यायचे. "ही काठी नाही," पाचवी परत देताना ते म्हणाले, "हा वार्निशचा थर आहे. आत चुकून लाकूड राहिलंय." आणि ते खुर्चीत बसले ते बसलेच. जेवण खुर्चीत, रेडिओ खुर्चीत, आमच्यावरची टीकाही खुर्चीतूनच. डॉक्टर पुन्हा आले, त्यांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि बाहेर येऊन हळूच म्हणाले, "अजून महिनाभर असेच बसले, तर पायांतली ताकद जाईल. मग काठी काय, काहीच उपयोगाचं नाही."

त्या दिवशी माझ्या पत्नीने जेवणाचे ताट खुर्चीपाशी नेऊन ठेवले आणि ती बराच वेळ त्या खुर्चीच्या पायांकडे पाहत राहिली. तेव्हा मी जाहीर केले की, मूठ मी करीन.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"कापून सुतार देईल. बाकीचं मी."

"बाकीचं म्हणजे?"

"फक्त घासायचं असतं," मी म्हणालो. म्हणजे तो शब्द सुताराच्या आधी मीच उच्चारला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पॉलिशपेपर आणायला मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने न विचारता चार कागद काढून समोर ठेवले. "साठ नंबरनं सुरुवात करा. मग एकशेवीस, मग दोनशेवीस, शेवटी तीनशेवीस. नंबर वाढला की दाणा बारीक."

"म्हणजे सर्वांत सौम्य कागद सर्वांत शेवटी?"

"हो."

"हे तर्काला धरून नाही."

मी त्याला समजावून सांगितले. छापखान्यात एका मजकुराची तीन वाचने होतात. पहिले वाचन सैल, दुसरे काटेकोर आणि तिसरे सर्वांत कठोर. कारण त्यानंतर चूक पकडायला कोणी उरत नाही. जे मजकुराला तेच लाकडाला. आधी सौम्य कागदाने लाकडाची ओळख करून घ्यावी आणि क्रमाक्रमाने कठोर होत जावे. सर्वांत कडक परीक्षा शेवटी, हा सगळ्या शिक्षणाचा पाया आहे.

"आजपर्यंत असं कुणी केलेलं नाही," दुकानदार म्हणाला.

"तो युक्तिवाद होत नाही."

माझ्यामागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. नळाची तोटी हातात धरलेल्या एका गृहस्थाने दीर्घ श्वास सोडला. दुकानदाराने कागद गुंडाळीत म्हटले, "तुमचं बरोबर आहे काका." मी वाद जिंकला. आयुष्यात मी इतक्या निर्भेळपणे जिंकलेला तो शेवटचा वाद.

सोमवारी तीनशेवीस नंबरने मी गच्चीला लागून असलेल्या आमच्या सज्जात घासायला बसलो. संध्याकाळपर्यंत मुठीचे उंचवटे चकाकू लागले, आणि मला स्वतःविषयी आदर वाटू लागला. मंगळवारी दोनशेवीस. बुधवारी एकशेवीस. समोरचे दंतवैद्य दारातून डोकावले आणि म्हणाले, "जोर फार देताय. दात पॉलिश करताना आम्ही जोर देत नाही. दिला की पेशंट ओरडतो. लाकूड बोलत नाही, म्हणून तुमचं फावतंय." मी त्यांना सांगितले की, प्रत्येक शास्त्राच्या मर्यादा असतात आणि त्यांच्या शास्त्राची मर्यादा हिरडीपाशी येते. गुरुवारी मी साठ नंबर घेतला आणि ज्या कठोरपणाने मी तिसरे वाचन करीत असे, त्या कठोरपणाने उभे, आडवे, गोल, जमेल तसे घासले.

संध्याकाळी पत्नीने मूठ हातात घेतली. "सोमवारी बरी होती," ती म्हणाली.

त्या मुठीवर मांजराच्या भांडणातून सुटून आल्यासारखे ओरखडे होते. मी त्याला संक्रमणावस्था असे नाव दिले.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांच्या हातात चादर होती. "काका, ही पांढरी होती हो," त्या म्हणाल्या. ती आता पांढरी नव्हती. चार दिवसांचा भुसा वाऱ्याने त्यांच्या वाळवणाच्या दोऱ्यांवर नियमितपणे पोहोचता केला होता. मी माफी मागितली. परंतु वाऱ्याच्या दिशेची जबाबदारी माझ्यावर येत नाही, हेही जोडले. हा जोड अनावश्यक होता, असे पत्नीचे मत पडले.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सचिवांचे पत्र आले: विनापरवाना सुतारकाम तात्काळ थांबवावे. पत्र नऊ ओळींचे होते आणि त्यात अकरा चुका होत्या. सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला. मी पत्र शुद्ध करून, समासात खुणा करून, सद्भावनेने परत पाठविले. ही सद्भावना सचिवांपर्यंत पोहोचली नाही. उत्तरादाखल एक छापील अर्ज आला, तीन प्रतींत भरण्यासाठी.

त्या अर्जाने माझी जी दमणूक केली ती लाकडानेही केली नव्हती. 'कामाचे स्वरूप: तोडफोड, बदल, दुरुस्ती. लागू नसेल ते खोडावे.' घासणे म्हणजे नक्की काय? तोडफोड नव्हे, कारण तुटत काही नाही. दुरुस्ती नव्हे, कारण मूठ बिघडलेली नव्हती. निदान सोमवारपर्यंत नव्हती. मी तिन्ही पर्याय खोडले आणि दोन पानांचे टिपण जोडले. 'बाधित क्षेत्रफळ' या रकान्यासाठी मुठीला कागद गुंडाळून मोजमाप केले आणि लिहिले: सुमारे चोवीस चौरस इंच. 'नकाशा जोडावा' म्हटले होते, म्हणून मुठीचा नकाशा जोडला. 'काम पूर्ण होण्याचा दिनांक' या रकान्यात मी निःशंक मनाने लिहिले: येता बुधवार.

सचिवांनी नकाशा उलटा धरून पाहिला. "यात शौचालय कुठंय?" त्यांनी विचारले.

"ती मूठ आहे."

"नकाशात बाहेर जाण्याचा मार्ग दाखवावा लागतो," ते म्हणाले. "समितीपुढे ठेवतो. बैठक दहा दिवसांनी."

दहा दिवस म्हणजे डॉक्टरांच्या महिन्याचा तिसरा भाग. खुर्चीकडे पाहवत नव्हते. सासरेबुवांना पूर्वी स्नानगृहापर्यंत धरून नेले की पुरे होई. आता उठविताना दोघे लागत होतो. तेव्हा मी कायद्याच्या चौकटीत राहून एक मार्ग काढला: स्नानगृहाचे दार लावून आत स्टुलावर बसायचे आणि घासायचे. वारा नाही, चादर नाही, साक्षीदार नाही.

तिसऱ्या दिवशी दाराबाहेरून, बोळाच्या टोकाच्या खुर्चीतून, सासरेबुवांचा आवाज आला. "जावईबापू, आडवं घासताय."

माझा हात थांबला. दार बंद होते. दार उघडे असते तरी त्यांना दिसणार नव्हते.

"लाकडाची रेघ उभी आहे, तुम्ही आडवे चाललाय," आवाज पुढे म्हणाला. "रेघेबरोबर गेलं की आवाज लांब येतो. हा तुटतोय. आणि कागद साठचा आहे. साठ अजून हातात कसा? आठ-दहा दिवस झाले."

मी दार उघडून बाहेर गेलो. अंगावर भुसा होता. मी माझी उपपत्ती मांडली: तीन वाचने, वाढता कठोरपणा, शेवटची परीक्षा. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"पहिल्या वाचनात तुम्ही काय शोधता?" त्यांनी विचारले.

"गाळलेल्या ओळी. उलटसुलट झालेले परिच्छेद."

"आणि शेवटच्या?"

"सुटलेला अनुस्वार. तुटलेला काना."

"म्हणजे आधी मोठ्या चुका, शेवटी बारीक."

चौतीस वर्षे जे काम मी स्वतः केले होते, ते मला उलटे समजले होते, आणि हे मला अशा माणसाने सांगितले की ज्याने छापखान्याची पायरी कधी चढलेली नाही. मी उत्तर शोधले. उत्तर नव्हते. मला वाटते, उत्तर नसण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी, कारण पत्नी स्वयंपाकघरातून मुद्दाम पाहायला आली.

"बाबा, जरा हात लावून बघता का?" मी मूठ पुढे केली.

"अर्धवट काम मी हातात घेत नाही," ते म्हणाले. "खाली बसा. इथं. मला ऐकू येईल असं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या खुर्चीच्या पायाशी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसू लागलो. कागद कसा धरायचा इथपासून आरंभ झाला. कागदाच्या तीन घड्या घालायच्या, म्हणजे घडी घडीवरून सरकत नाही. सपाट भागाला कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळायचा. बाकाला मात्र जुन्या रबरी चपलेच्या तळाचा तुकडा, कारण बाक जसा वळेल तसे रबर वळते. बोटांनी दाबून घासायचे नाही. बोटे खड्डे पाडतात. साठपासून पुन्हा सुरुवात. प्रत्येक कागदानंतर मूठ ओल्या फडक्याने पुसायची, कारण आधीच्या कागदाचा एक दाणा मागे राहिला तरी तो पुढचे सगळे काम ओरबाडतो.

"पुढच्या नंबरला कधी जायचं?" मी विचारले.

"आधीच्या नंबरचे ओरखडे सगळे गेले की."

"गेले हे कळायचं कसं?"

"दिव्याखाली धरू नका. खिडकीपाशी जा, उजेड बाजूनं पडू दे, लाकडाला घासून जाईल असा. समोरचा उजेड सगळं झाकतो."

मी खिडकीपाशी गेलो, मूठ तिरपी धरली आणि थक्क झालो. जी बाजू मी निर्दोष समजून मनोमन मंजूर केली होती, तिच्यावर ओरखड्यांची शेते पसरली होती. चार वर्षे ज्याला खिडकी कुठे आहे एवढेच कळते, तो माणूस मला पाहायला शिकवीत होता.

दोनशेवीसनंतर त्यांनी मूठ ओली करायला सांगितली. मला हे पटले नाही. इतके दिवस घासून गुळगुळीत केलेले लाकूड भिजवायचे? मी तसे बोलूनही दाखविले. "भिजवा," ते म्हणाले. वाळल्यावर पाहिले तर सगळ्या मुठीवर बारीक लव उभी राहिली होती, जणू लाकडाला थंडी वाजली होती. "दबून बसलेले तंतू आहेत," सासरेबुवा म्हणाले. "आज नाही उठले, तर वापरताना तळहाताच्या घामानं उठतील. आत्ताच उठवा, आत्ताच कापा." तीनशेवीसने मी ती लव कापली. पुन्हा भिजविले, पुन्हा थोडी उठली, पुन्हा कापली. तिसऱ्या वेळी काही उठले नाही. मी मूठ हातात धरून बसून राहिलो. लाकूड इतके शांत होऊ शकते, याची मला कल्पना नव्हती.

शेवटची कसोटी रेशमाची. पत्नीने तिचा रेशमी रुमाल दिला. तो मुठीवरून सैल ओढायचा. कुठे अडकला तर तिथे काम राहिले. रुमाल पाण्यावरून गेल्यासारखा गेला. फक्त अंगठा टेकतो तिथे किंचित अडला, पण तेवढे मी स्वतःला माफ केले. सुताराने मूठ काठीच्या दांड्याला पेचाने बसवून दिली, आणि रविवारी सकाळी मी ती सासरेबुवांच्या हातात दिली.

"पूर्ण झाली," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. ज्यांना दिसत नाही त्यांनीही डोळे मिटावेत, याचे मला त्या क्षणी आश्चर्य वाटले नाही. आधी तळहात, मग बोटांची पेरे, मग नुसती करंगळी.

"इथं राग आलेला होता," ते म्हणाले. "एक लाट आहे. साठच्या वेळची. एकशेवीसला नीट गेली नाही."

ती सचिवांनी नकाशात शौचालय विचारले त्या दिवसाची होती. मी शपथेवर सांगायला तयार आहे.

"इथं कुणीतरी दार वाजवलं. हात मध्येच उचललाय." करंगळी पुढे सरकली. "इथून इथपर्यंत मन लावून केलंय." मग मुठीच्या खालच्या बाकापाशी त्यांचे बोट थांबले, पुन्हा मागे गेले, पुन्हा आले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. "हे तुम्ही केलेलं नाही."

"सगळं मीच केलंय," मी म्हणालो.

"हा जाताना जोर देणारा हात आहे, येताना सोडणारा. तुमचा दोन्हीकडे सारखा. हा हात मी शिकवलाय." ते खुर्चीत किंचित वळले. "कधी घासलंस ग?"

दारातून पत्नीचा आवाज आला. "दुपारी. घरात सगळे झोपले की. दोनच दिवस."

"मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही वाद घातला असतात."

मुठीचा सर्वांत गुळगुळीत भाग तोच होता. माझा अपमान झाला होता, हे मला मागाहून, जेवताना लक्षात आले. त्या वेळी मी फक्त त्या करंगळीकडे पाहत होतो. चौतीस वर्षे मी छापलेली पाने वाचली. न छापलेले कोणी असे वाचताना मी पाहिले नव्हते.

"अंगठ्याखाली राहिलंय," सासरेबुवा म्हणाले.

मी काठी परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती सोडली नाही.

"बसून नक्की कळत नाही. भार पडल्यावर मूठ कळते." त्यांनी काठी जमिनीला टेकली, दुसरा हात खुर्चीवर रेटला, आणि उठले. पत्नी पुढे धावणार होती. मी तिचा दंड धरला. ते बोळातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिथे थांबले. अंगठा दोनदा फिरविला. परत आले आणि घामाघूम होऊन खुर्चीत बसले.

"मी काठी घेतलेली नाही," त्यांनी स्पष्ट केले. "तपासली. राहिलंय. नीट करा. उद्या पुन्हा बघतो."

मी नीट केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तपासली: बोळ, स्वयंपाकघर, सज्जा. राहिले होते. तिसऱ्या दिवशी तपासणी जिन्यापर्यंत गेली. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना जिन्यात पाहिले आणि विचारले, "आजोबा, काठी छान आहे. कुणी केली?" "अजून होतेय," ते म्हणाले. मधल्या काळात समितीची बैठक झाली आणि परवानगी आली, सज्जात घासण्याची, अशी अट घालून की काम पूर्ण झाल्याचा दिनांक कळवावा.

पंधराव्या दिवशी अंगठ्याखालची जागा खरोखर पूर्ण झाली. खिडकीपाशी तिरप्या उजेडात पाहिली, ओली केली, रेशीम ओढले. कुठे काही नव्हते. मी विजयी मुद्रेने काठी उचलली तेव्हा पत्नी समोर उभी होती.

"आज बाबा 'झालं' म्हणतील," ती म्हणाली.

"म्हणावंच लागेल."

"आणि उद्या काय तपासतील?"

मी काठी घेऊन तसाच उभा राहिलो. बोळाच्या टोकाला ती खुर्ची होती. मग मी खाली बसलो, साठ नंबरच्या कागदाचा कोपरा दुमडला आणि अंगठ्याच्या जागी, रेघेबरोबर, एकच हात मारला. माझ्या नजरेतून चुका सुटल्या असतील. पण माझ्या हाताने मुद्दाम केलेली ही पहिलीच. पत्नीने मूठ रुमालाने पुसून दिली.

सासरेबुवांनी काठी घेतली. अंगठा त्या जागी गेला आणि थांबला. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ थांबला. त्या बोटांपासून आजवर काहीही लपलेले नव्हते.

"राहिलंय," ते म्हणाले.

"हो बाबा. उद्या करतो."

"साठनं करू नका," ते उठत म्हणाले. "साठनं मूठ लवकर झिजेल. एकशेवीस घ्या. पुष्कळ दिवस पुरेल."

आणि ते जिन्याकडे निघाले.